पूर्ण आकडा, अर्धा शिधा

२०२१ च्या ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी मेलबर्नहून संजयचा फोन आला, तेव्हा साथीमुळे सिडनीत, पॅरामॅटातल्या माझ्या घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती आणि मेलबर्नचा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद होता. "शैला, विजया गेली," तो म्हणाला, आणि मग एखाद्या बिघाडाचा अहवाल द्यावा तसं त्याने सगळं क्रमाने सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी, त्यांच्या ग्लेन वेव्हर्लीच्या घरातल्या मागच्या खोलीत, ती अदनच्या ऑफिसबरोबर मीटिंगमध्ये होती. मेंदूत रक्तस्राव झाला. हॉस्पिटलमध्ये संजयला दारापर्यंत जाऊ दिलं, पुढे नाही. पहाटे ती गेली. विजया म्हात्रे, वय चोपन्न, एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेत यमनसाठी धान्यपुरवठ्याचं नियोजन करणारी अधिकारी, संजयची बायको, माझी तीस वर्षांपासूनची मैत्रीण.

मीटिंगमध्ये नेमकं काय झालं ते संजयला दोन दिवसांनी कळलं. अदनची वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसल्यामुळे पडद्यावरचा एखादा चेहरा मध्येच थिजणं हे त्या लोकांच्या रोजच्या सवयीचं होतं. त्यासाठी विजयानेच एक नियम घालून दिला होता. कोणाचं चित्र थांबलं तर त्याच्यासाठी खोळंबायचं नाही, पुढचा मुद्दा घ्यायचा, आणि काय ठरलं ते कोणीतरी दोन ओळींत त्याला लिहून पाठवायचं. त्या दुपारी विजयाचं चित्र थांबलं. मान खुर्चीच्या उंच पाठीला टेकलेली, डोळे अर्धवट मिटलेले... मेलबर्नची लाइन कधी जात नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी पुढचा मुद्दा घेतला, मग त्याच्या पुढचा. अदनच्या ऑफिसमधल्या नादियाने ठरल्याप्रमाणे दोन ओळी लिहून पाठवल्या. विजयाचा मुलगा निनाद शेजारच्या खोलीत युनिव्हर्सिटीचं ऑनलाइन लेक्चर ऐकत होता. चहा हवा का विचारायला तो आत गेला, तेव्हा टेबलावरच्या फोनवर तो निरोप येऊन पडलेला होता आणि पडद्यावर मीटिंग चालू होती. डॉक्टरांच्या मते त्या मिनिटांनी काही फरक पडला नसता. संजयने ते नादियाला पत्राने कळवलं. तिचं उत्तर आलं, पण ते त्याने मला वाचून दाखवलं नाही.

विजया उरणची. वडील न्हावा-शेवा बंदरात मालाची कागदपत्रं सोडवणाऱ्या एका एजंटाकडे नोकरीला होते. जहाज लागणं, माल उतरणं आणि माल घरी पोचणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. पुढे तीही बंदरात त्याच कामाला लागली आणि आमची ओळखही त्यातूनच झाली. मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकात डेस्कवर होते आणि व्यापाराच्या पानावर जहाज कंपन्यांकडून आलेली बंदराची यादी लावणं हे माझ्याकडे होतं. एका दुपारी फोन वाजला. "तुम्ही काल बंदराला लावलेलं जहाज अजून बाहेर समुद्रात उभं आहे. मी खिडकीतून बघतेय," पलीकडून एक मुलगी म्हणाली. यादी कंपनीनेच दिली आहे, असं मी सांगितल्यावर ती म्हणाली, "कंपनी देणारच. तिला कालपासूनचं भाडं सुरू करायचंय." त्या आठवड्यात तिने आणखी दोनदा फोन केला आणि तिसऱ्या वेळी आम्ही फोर्टमध्ये भेटलो.

पुढे तिचं संजयशी लग्न झालं, त्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे दोघं मेलबर्नला गेले, आणि काही वर्षांनी मीही सिडनीला आले. बंदरातला अनुभव पाहून त्या मदत संस्थेने तिला घेतलं. आधी आफ्रिकेतली दोन ठिकाणं झाली, मग यमन. सहा आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी, असा तिचा क्रम होता. निनादच्या शाळेच्या पालकसभांना संजय जायचा. "आमच्याकडे आई ही सीझनल आहे," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि विजया त्याच्याकडे न बघता, "आंब्यासारखी. म्हणून किंमत आहे," म्हणायची. मार्च २०२० मध्ये ती अशाच दोन आठवड्यांसाठी आली आणि देशाबाहेर जायला परवानगी लागू लागली. तिने ती मागितली. संस्थेनेच, तिकडची हॉस्पिटलं भरली आहेत, आहात तिथूनच काम करा, असं कळवलं. तेव्हापासून मागची खोली हे तिचं ऑफिस झालं. अदनची सकाळ म्हणजे मेलबर्नची दुपार. तिच्या बाकीच्या मित्रमंडळींचं काम ज्या वेळी संपायचं त्या वेळी तिचं सुरू व्हायचं.

तिच्या कामाला त्या क्षेत्रात पाइपलाइन म्हणतात. नाव तेलाचं वाटतं, पण त्यातून वाहतं धान्य. एखाद्या देशाने मदत जाहीर केली, की ती रक्कम हातात येणं, गहू विकत घेणं, जहाज ठरवणं, हुदैदा किंवा अदनच्या बंदरात ते आत घेतलं जाणं, गहू दळून पिठाची पोती ट्रकवर चढणं, तिथल्या युद्धातल्या दोन बाजूंच्या चौक्या ओलांडणं आणि शेवटी वाटपाच्या जागी पोचणं, या सगळ्याला चार महिने लागतात. म्हणजे आज पैसे आले नाहीत तर आज कोणी उपाशी राहत नाही. चार महिन्यांनी राहतं. विजयाच्या तक्त्यात तो पुढचा महिना आजच रिकामा दिसायचा. ती तो वरिष्ठांना दाखवायची, वरिष्ठ देणाऱ्या देशांना दाखवायचे, आणि देणारे म्हणायचे, आत्ता तर सगळं सुरळीत दिसतंय. ते खरंच असायचं. आत्ता सुरळीत असायचं.

साथीच्या पहिल्या वर्षात देणारे देश आपापल्या घरात गुंतले. मदतीची परिषद ऑनलाइन झाली. गरजेपेक्षा कमी रकमा जाहीर झाल्या, आणि जाहीर झाल्या त्यातल्याही सगळ्या आल्या नाहीत. मग शिधा कापणं आलं. अशा वेळी दोन मार्ग असतात. काही कुटुंबांना पूर्ण द्यायचं आणि बाकीच्यांना यादीतून काढायचं, किंवा सगळ्यांना अर्धं द्यायचं. यादीतून कोणालाही काढलं की तिथे दंगा होतो, बंदुका निघतात, म्हणून संस्था बहुतेकदा दुसरा मार्ग घेतात. विजयाचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. तिचं म्हणणं त्यानंतर काय लिहिलं जातं त्याबद्दल होतं. महिन्याच्या अहवालात मुख्य आकडा असतो तो किती माणसांपर्यंत मदत पोचली याचा. अर्धं पोतं मिळालेला माणूसही पोचलेल्यांतच धरला जातो. त्यामुळे शिधा निम्मा झाला त्या महिन्यात आकडा हललाच नाही.

त्या दिवसांतला तिचा एक फोन मला नीट आठवतो.

"तू मथळे देत होतीस ना इतकी वर्षं? मग दे. पूर्वी एक पोतं मिळायचं, आता अर्धं. माणसं तेवढीच."

"तेवढीच माणसं अर्ध्या शिध्यावर."

"आमच्याकडे मथळा आलाय, संकटातही मदत अखंड सुरू."

"हे खोटं नाहीये, विजया."

"तेच तर. खोटं असतं तर भांडता आलं असतं."

आणि अर्धं हे अर्धं नसतं, हेही तिने त्याच फोनवर सांगितलं. वाटपाच्या जागेपासून गावापर्यंत पोतं न्यायला जीपवाला जे भाडं घेतो ते पोतं अर्धं असलं तरी तेवढंच राहतं. ते भाडं द्यायला बायका शिध्यातलं तेल तिथल्या तिथे विकतात. पूर्वी तेल विकून पीठ घरी यायचं. आता तेल अर्धं, भाडं पूर्ण, म्हणून तेलाबरोबर थोडं पीठही विकावं लागतं. घरी पोचतं ते तिसरा हिस्सा असेल नसेल. नादियाने हे बाजारात उभं राहून बघितलं होतं आणि विजयाने ते तीनदा वर कळवलं होतं.

तिची मागणी साधी होती. मुख्य आकड्याच्या खाली, त्याच पानावर, त्याच टाइपात, दुसरी ओळ हवी. पूर्ण शिध्याच्या हिशेबाने किती माणसं. तिच्या वरिष्ठांनी नकार दिला. त्यांचं कारण तिने मला त्यांच्यावर अन्याय न करता सांगितलं. आकडा खाली आला की देणारे म्हणतात, या संस्थेला जमत नाही, आणि पैसे दुसऱ्या संस्थेकडे जातात. मग आहे ते अर्धंही जाईल. "त्याचंही बरोबर आहे गं," ती म्हणाली. "दुष्ट माणूस नाहीये तो. पण आकडा तसाच ठेवला तर पुढच्या वेळी मागायचं कशाच्या जोरावर? अर्ध्यात भागतंय असंच लिहून देतोय आपण." पुढच्या वर्षीच्या पैशांचा निर्णय देणाऱ्यांच्या एका बैठकीत व्हायचा होता आणि वर्षाचा अहवाल त्या बैठकीपुढे जाणार होता. ती ओळ त्यात असली तर पुढचे रिकामे महिने भरायची काही शक्यता होती. तिच्या सगळ्या वर्षाचं भांडण एवढ्यासाठी होतं.

एप्रिल २०२१ मध्ये, अँझॅक डेच्या सुटीला, राज्यांच्या सीमा उघड्या असताना मी त्यांच्याकडे गेले. भारतात तेव्हा दुसरी लाट होती आणि मेलबर्नमधल्या एका मराठी मंडळाने ऑक्सिजनची मशिन्स पाठवायला वर्गणी काढली होती. दोन दिवसांत जमलेले पैसे पाहून सगळे भारावले होते. मशिन्स कस्टम्समधून कशी सोडवायची हे विजयाला ठाऊक, म्हणून मंडळाची मीटिंग तिच्या दिवाणखान्यात होती. अध्यक्ष प्रमोद जाधव, एका बँकेच्या आयटीतले, उत्साही गृहस्थ, त्यांनी मशिन्स पाच गावांत सारखी वाटायची असं ठरवून आणलं होतं.

"प्रमोद, एवढ्याशा मशिन्सवर कुठलाच वॉर्ड चालणार नाही," विजया म्हणाली. "एका ठिकाणी द्या. जिथे वीज टिकते आणि ती चालवणारा माणूस आहे."

"पण ताई, बाकीच्या चार गावांचे मेंबर काय म्हणतील?"

"म्हणतील, आमचं गाव राहिलं. खरंच आहे ते. राहू दे ना खरं."

"तुम्ही ना, फारच हिशेबी बोलता बुवा," कोणीतरी हसत म्हणालं.

"हिशेबाचाच पगार घेते मी."

मशिन्स पाच गावांत गेली. पाच फोटो आले. ती सोडवण्यासाठी लागणारे सगळे फोन विजयाने केले, सगळी कागदपत्रं तिने भरली, आणि एकदाही तक्रार केली नाही. त्या दिवशी मीटिंगहून निघताना जाधवांनी तिचे आभार मानले आणि आपुलकीनेच म्हणाले, "ताई, एकदा हे आवरू दे, मग तुमच्या यमनसाठीही करू काहीतरी. आधी घरचं बघायला हवं ना."

"अगदी," विजया म्हणाली. "सगळेच देश तसंच म्हणतायत."

दार लागल्यावर संजय म्हणाला, "अगं, बिचारा चांगल्या मनाने बोलत होता." निनाद जिन्यावरून खाली येत म्हणाला, "मॉम, दे लिटरली क्लॅप्ड फॉर देमसेल्व्ज." विजयाने दोघांनाही कप उचलायला लावले. मग मला म्हणाली, "बघितलंस? इथे तर देणाऱ्यांना घाबरायचंही कारण नव्हतं. तरी आकडा पाचाचाच हवा होता."

जूनमध्ये अहवाल तयार झाला. ती ओळ तिने लिहिली आणि मुख्य ऑफिसने काढली. तिने परत घातली. शेवटी तडजोड झाली. ओळ राहिली, पण शेवटच्या पानावर, परिशिष्टात, बारीक अक्षरात, आणि तिचं शीर्षक होतं 'शिध्याच्या प्रमाणातील समायोजन'. अर्धा हा शब्द त्यात नव्हता. बैठक झाली त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"शाबासकी मिळाली आम्हाला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"एका देशाच्या प्रतिनिधीने अभिनंदन केलं. कमी पैशांत तेवढीच माणसं सांभाळून दाखवलीत म्हणाला. इतर संस्थांनी यापासून शिकावं म्हणाला. शिकण्यासारखं आहे गं खरंच..." ती हसत होती, आणि ते हसणं थांबायला वेळ लागला. पुढच्या वर्षीचे पैसे आणखी कमी झाले होते. ते मात्र तिने मी विचारल्यावर सांगितलं.

संजयने तिला नोकरी सोडायला सांगितलं. मीही सांगितलं. घर चालत होतं, निनादची युनिची फी भरलेली होती, कशाचीच अडचण नव्हती. तिचं उत्तर दोघांना एकच होतं. "मी उठले की त्या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसेल. त्याला रिकामा महिना दिसेलच असं नाही. दिसला तरी तो भांडेल असंही नाही." तिचा रक्तदाब तेव्हापासून वाढलेला होता. गोळ्या चालू होत्या. क्लिनिकमध्ये समक्ष जाण्याऐवजी फोनवरच तपासणी व्हायची आणि ती फोनवर ठीक असायची. यातून काही निष्कर्ष काढता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मीही काढत नाही.

अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती. जाधव दहांत होते आणि ते रडले, असं संजयने सांगितलं. बाकीच्यांनी तो पडद्यावर पाहिला.

सप्टेंबरच्या मध्यात संस्थेने श्रद्धांजलीचा मसुदा घरच्यांच्या संमतीसाठी पाठवला. संजयने तो मला पाठवला. "भाषा बघून दे, तुझं काम आहे ते," एवढंच त्याने लिहिलं होतं. भाषा चांगली होती. तिची चिकाटी, तिचा विनोद, सहकाऱ्यांबद्दलचा तिचा जिव्हाळा, सगळं योग्य शब्दांत होतं. शेवटचं वाक्य असं होतं, की साथीच्या सर्वांत कठीण काळातही विजया यांनी इतक्या लाख लोकांपर्यंत अन्न पोचवलं. आकडा तोच होता, अहवालाच्या पहिल्या पानावरचा. तो मी इथे देत नाही. मी त्या वाक्यात दोन शब्द घातले, 'निम्म्या शिध्याने', आणि मसुदा परत पाठवला. दुसऱ्याच दिवशी नम्र उत्तर आलं. कुटुंबाच्या भावनांचा त्यांना आदर होता, पण प्रसिद्ध झालेल्या अहवालाशी मजकूर जुळणं आवश्यक होतं. श्रद्धांजली मूळ रूपात संकेतस्थळावर लागली. तिच्याखाली अनेकांनी लिहिलं आहे. बहुतेकांनी तो आकडा पुन्हा लिहिला आहे.

गेल्या आठवड्यात संजयने व्हिडिओ कॉल केला. संस्थेकडून एक फ्रेम आली होती, विजयाचा फोटो आणि त्याखाली ते वाक्य, काचेत. तिचा लॅपटॉप कुरियरवाला आधीच घेऊन गेला होता. फोन हातात धरून संजय मागच्या खोलीत गेला. फ्रेम तिच्या खोलीतच असावी, असं त्याला वाटत होतं. टेबल रिकामं होतं, खुर्ची आत सरकवलेली होती. खुर्चीसमोरच्या भिंतीवर, दोन खिडक्यांच्या मधल्या एवढ्याशा जागेत, हाताने आखलेला एक मोठा कागद चिकटवलेला होता. वर्षाचे बारा महिने. ज्या महिन्याचं वाटप पूर्ण झालं त्यावर तिची तिरकी रेघ. जुलैवर रेघ होती. ऑगस्टवर नव्हती. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे चौकोन तिने पेन्सिलने अर्धे भरले होते. नोव्हेंबर पूर्ण कोरा होता आणि त्याच्याभोवती लाल पेनने चौकट केलेली होती.

"खिळा मारायला हीच जागा आहे," संजय म्हणाला. "हा कागद काढून फ्रेम लावू का? तू सांग."

मी त्याला थांबायला सांगितलं, त्याच्याकडून नंबर घेतला आणि नोव्हेंबरचं काय झालं असा नादियाला निरोप पाठवला. अदनचं ऑफिस सुरू व्हायची वेळ होती, उत्तर लगेच आलं. नोव्हेंबरसाठी गहू घेतलेला नाही. पैसे नाहीत. संस्थेच्या ताज्या पत्रकात मात्र मदत सुरळीत सुरू असल्याचं म्हटलं होतं, आणि नादियाने लिहिलं, आज ऑक्टोबरच आहे, म्हणून तेही चूक नाही.

"कागद राहू दे," मी संजयला म्हटलं. "नोव्हेंबर अजून यायचाय."

त्याने फ्रेम टेबलाखाली ठेवली आणि दिवा घालवला.